अमेरिकेतला दवाखाना: खर्च एवढा का, आणि त्या मानानं दर्जा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बारा वर्षं पुण्यात रात्रपाळीला अमेरिकन हॉस्पिटलांच्या क्लेमवर, म्हणजे विमा कंपन्यांकडे पाठवलेल्या बिलांवर, काम केलं. सुरुवात एआर कॉलर (थकलेल्या पैशांसाठी विमा कंपन्यांना फोन करणारी) म्हणून झाली, पुढे डिनायलच्या (नाकारलेल्या क्लेमच्या) टीममध्ये आले. मुलं अमेरिकेत असलेले नातेवाईक, सोसायटीतले शेजारी आणि या कामात नव्यानं आलेली पोरं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्या उत्तरांत सांगण्यासारखं पुष्कळ आहे तिथे मी थांबले आहे, बाकीची थोडक्यात आटोपली आहेत.

अमेरिका आरोग्यावर नेमका किती खर्च करते?

२०२३ मध्ये सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर. माणशी हिशेब केला तर १४,५७० डॉलर, आणि देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १७.६ टक्के. १९६० मध्ये हाच वाटा ५ टक्क्यांच्या आसपास होता. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर (६५ वर्षांवरच्यांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या योजनांच्या कायद्यावर सही केली. त्यानंतर उपचार, तंत्रज्ञान आणि दर तिन्ही वाढत गेले. २०१० नंतर हा वाटा साधारण १७ ते १८ टक्क्यांवर टिकला. कोविडच्या २०२० सालात तो १९ टक्क्यांच्या वर गेला आणि पुन्हा खाली आला. २०२३ मध्ये मात्र एकाच वर्षात खर्च ७.५ टक्क्यांनी वाढला.

दर माणशी खर्च इतर श्रीमंत देशांच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट आहे. पण सरासरीवर फार विसंबू नका. दरवर्षी जेमतेम ५ टक्के माणसांवर एकूण खर्चाच्या निम्मा खर्च होतो, आणि तब्येतीनं धडधाकट असलेल्या निम्म्या लोकांच्या वाट्याला ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हा प्रश्न मुख्यतः कॅन्सर, किडनी, हृदय आणि म्हातारपण यांच्याशी झगडणाऱ्या घरांचा आहे.

अमेरिकन लोक ऊठसूट डॉक्टरकडे जातात, म्हणून खर्च जास्त होतो का?

नाही. हा गैरसमज मला सगळ्यात आधी दूर करावासा वाटतो.

२००३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे जेरार्ड अँडरसन, प्रिन्स्टनचे ऊवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीमंत देशांची आकडेवारी शेजारी शेजारी मांडली. डॉक्टरकडच्या फेऱ्या आणि हॉस्पिटलात काढलेले दिवस अमेरिकेत इतर देशांपेक्षा कमीच निघाले. फरक होता तो दरात. तेच ऑपरेशन, तोच स्कॅन, तीच गोळी, पण किंमत भलतीच. राइनहार्ट २०१७ मध्ये गेले. त्यानंतर २०१९ मध्ये उरलेल्या सहकाऱ्यांनी नव्या आकड्यांवर तोच हिशेब पुन्हा केला, आणि निष्कर्ष तोच आला.

आमच्या टेबलावरूनही हेच दिसायचं. क्लेममधलं उपचाराचं वर्णन वाचलं तर पुण्यातल्या कुठल्याही बऱ्या हॉस्पिटलसारखंच असायचं. नजर थांबायची ती रकमेच्या रकान्यावर.

एकाच तपासणीचे चार वेगवेगळे दर कसे असतात?

डोक्याचा साधा सीटी स्कॅन घ्या. त्याचा कोड ७०४५०, देशभर एकच. पण हॉस्पिटलच्या दरपत्रकातली छापील किंमत एक, मेडिकेअर देतं ती दुसरी, खासगी विमा कंपनीशी ठरलेली तिसरी आणि मेडिकेडची बहुधा सगळ्यांत कमी. दोन खासगी कंपन्यांचे दरही एकमेकांशी जुळत नाहीत.

समजा, छापील किंमत ३,००० डॉलर आहे आणि कंपनीशी ठरलेला दर ९००. कंपनीचा कागद येतो तेव्हा २,१०० डॉलरपुढे ‘सीओ-४५’ असा कोड असतो. याचा अर्थ, ही रक्कम करारानुसार सोडून द्यायची, पेशंटकडे मागायची नाही. उरलेल्या ९०० पुढे ‘पीआर-१’ असेल तर ते डिडक्टिबलमध्ये (विमा सुरू होण्याआधी दरवर्षी पेशंटनं भरायच्या ठरावीक रकमेत) गेले, म्हणजे पेशंटनं स्वतःच्या खिशातून भरायचे. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हे दोनच कोड शिकवायचे. यातला फरक ज्याला कळला, त्याला अमेरिकन बिल कळलं. विमा नसलेल्या माणसाच्या हातात मात्र पहिल्यांदा छापील किमतीचंच बिल पडतं, आणि सूट असते हे त्याला ठाऊकच नसतं.

१ जानेवारी २०२१ पासून हॉस्पिटलांना आपले ठरलेले दर जाहीर करणं बंधनकारक झालं. त्या फाइली प्रचंड असतात आणि सामान्य माणसाला वाचता येत नाहीत. संशोधकांना मात्र त्यातून एकाच शहरातल्या दरांमधली तफावत पहिल्यांदाच उघडपणे मोजता आली.

एवढ्या मोठ्या विमा कंपन्या हॉस्पिटलांकडून दर कमी करून का घेत नाहीत?

कारण बऱ्याच गावांत हॉस्पिटलांचा एकच गट उरला आहे. गेल्या तीस वर्षांत हॉस्पिटलं एकमेकांत विलीन झाली, डॉक्टरांचे दवाखानेही त्यांनी विकत घेतले. गावातलं एकमेव मोठं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांच्या यादीत, नसेल तर ती पॉलिसी घेणार कोण? अर्थशास्त्रज्ञ झॅक कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये खासगी विम्याचे खरे क्लेम तपासले. आसपासच्या भागात चार किंवा जास्त स्पर्धक असलेल्या हॉस्पिटलांपेक्षा एकट्यानंच राज्य करणाऱ्या हॉस्पिटलांचे दर सुमारे १२ टक्के जास्त निघाले. रँड या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये खासगी विम्यानं हॉस्पिटलांना मेडिकेअरच्या सरासरी अडीचपट, नेमकं सांगायचं तर २५४ टक्के, पैसे मोजले.

याला एक लक्षणीय अपवाद मेरीलँडचा. तिथे १९७० च्या दशकापासून राज्याचा आयोग हॉस्पिटलांचे दर ठरवतो आणि सरकारी असो की खासगी, सगळे तोच दर देतात. २०१४ पासून हॉस्पिटलांना वर्षाचं ठरावीक बजेटही दिलं जाऊ लागलं. दर बाजारावर न सोडताही हॉस्पिटलं चालतात हे अमेरिकेतच दिसतं आहे, आणि तरी त्याची चर्चा फार कमी होते. मला याचं वाईट वाटतं.

विमा नोकरीलाच का बांधलेला आहे?

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारनं पगारवाढ गोठवली. कामगार टिकवण्यासाठी कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या. तो करमुक्त राहिला आणि १९५४ च्या करकायद्यानं त्यावर कायमचं शिक्कामोर्तब केलं. आज १५ कोटींहून जास्त लोकांचा विमा असा नोकरीतून येतो. २०२४ मध्ये एका कुटुंबाच्या अशा विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५,५७२ डॉलर होता. त्यातले साधारण ६,३०० कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले गेले. बाकीचे कंपनी भरते, पण अर्थशास्त्रज्ञ सांगतात की तेही शेवटी न वाढलेल्या पगारातूनच जातात.

आपल्याकडची जी मुलं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, त्यांच्या घरी हे माहीत असायलाच हवं. नोकरी गेली की विमाही जातो. कोब्रा नावाच्या कायद्यानं तोच विमा बहुधा १८ महिने चालू ठेवता येतो, पण आता पूर्ण हप्ता स्वतः भरायचा, वर २ टक्के. घरात कुणी गरोदर असेल किंवा उपचार चालू असतील तर पहिल्याच आठवड्यात ही चौकशी करा.

कागदपत्रांवर खरंच एवढा पैसा जातो?

जातो. माझा पगार त्यातूनच व्हायचा.

एक क्लेम माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. एका बाईंच्या खांद्याचा एमआरआय. डॉक्टरांनी विमा कंपनीकडून रीतसर पूर्वपरवानगी घेतली होती, ७३२२१ या कोडसाठी, म्हणजे रंगद्रव्य न टोचता. टेबलावर घेतल्यावर रेडिऑलॉजिस्टना रंगद्रव्य टोचणं गरजेचं वाटलं, म्हणून कोड झाला ७३२२२. एका आकड्याचा फरक. क्लेम ‘सीओ-१९७’ लागून परत आला: परवानगी नाही. मी रात्री अकराला फोन लावला. चाळीस मिनिटं होल्डवर राहिले, मग पलीकडची बाई म्हणाली की डॉक्टरांचं पत्र फॅक्स करा. फॅक्स मिळालाच नाही, असं पुढच्या फोनला कळलं. तिसऱ्या फोनला अपील दाखल झालं आणि चौथ्या फोनला क्लेम मंजूर झाला. या सगळ्याला साडेतीन महिने गेले. दरम्यान त्या बाईंना हॉस्पिटलची दोन स्मरणपत्रं गेली होती. उपचार अर्ध्या तासाचा, आणि त्यासाठी हॉस्पिटल, डॉक्टरांचा दवाखाना, विमा कंपनी आणि पुण्यातली आम्ही अशी सात-आठ माणसं राबली.

डेव्हिड हिमेलस्टाइन आणि स्टेफी वूलहँडलर या संशोधक डॉक्टरांनी २०१७ च्या आकड्यांवरून हिशेब मांडला. त्यांच्या मते अमेरिकेतल्या आरोग्यखर्चाचा ३४ टक्के भाग प्रशासनावर जातो, कॅनडात १७ टक्के. प्रशासनात नेमकं काय मोजायचं यावर वाद आहे आणि काही अभ्यास बराच कमी आकडा देतात. कॅनडापेक्षा तो खूप जास्त आहे, यावर मात्र फारसं दुमत नाही.

जास्त पैसे मोजले की उपचार चांगले मिळतात ना?

आपल्याकडेही ‘महागडं हॉस्पिटल म्हणजे चांगलं’ असं मनात घट्ट बसलेलं असतं, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

जॉन वेनबर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये व्हरमाँट या छोट्या राज्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेजारशेजारची गावं, लोक सारखे, हवा तीच. तरी एका भागात टॉन्सिल काढलेल्या मुलांचं प्रमाण दुसऱ्या भागाच्या कितीतरी पट होतं. आजारात फरक नव्हता, फरक होता स्थानिक डॉक्टरांच्या सवयीत. पुढे डार्टमथ कॉलेजमध्ये त्यांच्या गटानं मेडिकेअरच्या आकड्यांवरून सगळ्या देशाचा असा नकाशा तयार केला. जिथे खाटा आणि स्पेशालिस्ट जास्त, तिथे हॉस्पिटलातले दिवस आणि तपासण्या जास्त. आयुष्य त्या प्रमाणात वाढलेलं दिसलं नाही.

२००९ मध्ये बॉस्टनचे सर्जन अतुल गवांदे यांनी टेक्सासमधल्या मॅकॅलन गावाबद्दल लिहिलं आणि देशभर खळबळ उडाली. (त्यांचे वडील आत्माराम गवांदे मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, पुढे ओहायोत मूत्ररोगतज्ज्ञ. मुलगा अमेरिकेत डॉक्टरांनाच आरसा दाखवतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.) २००६ मध्ये मॅकॅलनला मेडिकेअरचा एका पेशंटमागे खर्च सुमारे १५,००० डॉलर होता. त्याच राज्यात, तशीच वस्ती असलेल्या एल पासोत तो जवळपास निम्मा होता, आणि दर्जाच्या बहुतेक मोजमापांत मॅकॅलन पुढे नव्हतं. कारण शोधलं तर जादा तपासण्या, जादा ऑपरेशनं आणि डॉक्टरांची स्वतःची गुंतवणूक असलेली केंद्रं सापडली.

पण गोष्ट इथेच संपत नाही. त्याच भागातले खासगी विम्याचे क्लेम नंतर तपासले, तेव्हा मॅकॅलन एल पासोपेक्षा महाग निघालं नाही. मेडिकेअरचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे तिथे फरक पडतो तो उपचारांच्या संख्येनं. खासगी विम्यात फरक पडतो तो दरानं. औषध एकच देऊन दोन्ही दुखणी बरी होणार नाहीत.

दर्जा मोजतात तरी कसा?

१९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं सांगितलं की हॉस्पिटलातल्या टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं दगावतात. आकड्यावर वाद झाले, पण त्यानंतर ‘चूक कुणाची’ ऐवजी ‘चूक झालीच कशी’ असा प्रश्न विचारायला सुरुवात झाली. २००३ मध्ये रँडच्या एलिझाबेथ मॅकग्लिन यांच्या अभ्यासात दिसलं की मोठ्या माणसांना शास्त्रानं सांगितलेल्या उपचारांपैकी ५५ टक्केच मिळतात. मधुमेह, रक्तदाब असल्या अगदी रोजच्या आजारांतसुद्धा.

सुधारणा कशी होते याचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण मिशिगनचं. पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी तिथल्या शंभरावर आयसीयूंमध्ये मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टी ठरवून दिल्या: हात धुणं, पेशंटवर पूर्ण निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडीननं त्वचा पुसणं, शक्यतो मांडीची शीर टाळणं, गरज संपली की नळी काढणं. क्रम चुकला तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला. दीड वर्षात नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला. यंत्र नवं नाही, औषध नवं नाही.

गवांदे यांच्या गटानं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनआधीची १९ कलमांची यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून पाहिली. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. नंतर कॅनडातल्या ऑंटारियोत हीच यादी सरसकट सक्तीची केली, तेव्हा फारसा फरक दिसला नाही. नुसत्या खुणा करून यादी भरली की काय होतं, ते हॉस्पिटलात काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

उपचार एवढे पुढारलेले, मग अमेरिकन माणूस कमी का जगतो?

२०२३ मध्ये तिथलं आयुर्मान ७८.४ वर्षं होतं, तर बरोबरीच्या श्रीमंत देशांत ८२ च्या आसपास. २०२१ मध्ये तर ते ७६.४ पर्यंत घसरलं होतं. यात सगळा दोष हॉस्पिटलांचा नाही. नशेच्या औषधांच्या अतिसेवनानं २०२२ मध्ये एक लाखाहून जास्त माणसं गेली. बंदुका, रस्त्यावरचे अपघात आणि लठ्ठपणा आहेतच. कॉमनवेल्थ फंड या अमेरिकन संस्थेनं २०२४ मध्ये केलेल्या तुलनेत दहा श्रीमंत देशांत अमेरिका एकूण शेवटची आली, पण प्रत्यक्ष उपचाराच्या पद्धतीत दुसरी. डॉक्टरपर्यंत पोहोचलात तर काळजी चांगली घेतली जाते. अडचण आहे ती पोहोचण्याची आणि परवडण्याची.

बाळंतपणाचा आकडा मात्र माफ करण्यासारखा नाही. २०२३ मध्ये एक लाख जन्मांमागे १८.६ माता दगावल्या, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ५०.३. एवढ्या श्रीमंत देशात हे घडतं याचा संताप येतो.

पेशंटनं थोडे पैसे स्वतः भरले तर उधळपट्टी थांबत नाही का?

यावर १९७० च्या दशकात रँडनं मोठा प्रयोग केला. हजारो कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळे विमे दिले, काहींना पूर्ण फुकट, काहींना मोठा वाटा भरायला लावला. वाटा भरणाऱ्यांनी खर्च बराच कमी केला. पण त्यांनी गरजेचे आणि बिनगरजेचे उपचार सारख्याच प्रमाणात टाळले. बहुतेकांच्या तब्येतीत फरक पडला नाही. गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांमध्ये मात्र फुकट विमा असणाऱ्यांचा रक्तदाब जास्त चांगला आटोक्यात राहिला. आजचा मोठ्या डिडक्टिबलचा विमा याच अभ्यासाचा पहिला भाग लक्षात ठेवून आणि दुसरा विसरून तयार झाला, असं माझं मत आहे.

२००८ मध्ये ओरेगॉन राज्यात मेडिकेडच्या मोजक्या जागा सोडतीनं वाटल्या गेल्या, आणि संशोधकांना पुन्हा तशीच संधी मिळाली. विमा मिळालेल्यांचं नैराश्य कमी झालं, उपचाराच्या कर्जाची टांगती तलवार दूर झाली. दोन वर्षांत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलमध्ये ठोस फरक दिसला नाही, आणि इमर्जन्सीतल्या फेऱ्या कमी न होता वाढल्या.

इन्शुलिन स्वस्त झालं म्हणतात, खरं का?

बऱ्याच अंशी. इन्शुलिन १९२१ मध्ये टोरंटोत सापडलं आणि संशोधकांनी पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. शंभर वर्षांनी अमेरिकेत लोक पैशांअभावी डोस अर्धा करत होते. २०२२ च्या कायद्यानं मेडिकेअरच्या पेशंटसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा घातली, ती २०२३ पासून लागू झाली. २०२५ पासून मेडिकेअरमध्ये औषधांवरच्या वर्षाच्या स्वतःच्या खर्चालाही मर्यादा आली, त्या वर्षी ती २,००० डॉलर होती. आणि पहिल्या दहा औषधांचे सरकारनं घासाघीस करून ठरवलेले दर जानेवारी २०२६ पासूनचे आहेत. बाकी देश हे वर्षानुवर्षं करत आले आहेत.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी मुलाकडे चालले आहेत. काय बघावं?

मेडिकेअर त्यांना मिळणार नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावरही सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय ते विकतसुद्धा घेता येत नाही. व्हिजिटर विम्याचे दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक उपचाराला ठरावीकच रक्कम मिळते, हॉस्पिटलच्या एका दिवसाला अमुक इतके. हप्ता कमी म्हणून हा घेतला जातो, आणि बिल आलं की विमा त्याच्या एका कोपऱ्यालाही पुरत नाही. दुसऱ्या, सर्वसमावेशक प्रकारात डिडक्टिबलनंतर मर्यादेपर्यंत खर्च टक्केवारीनं किंवा पूर्ण भरला जातो आणि नेटवर्कचे दरही मिळतात. परवडत असेल तर हाच घ्या. बाबांना बीपी किंवा शुगर असेल तर पॉलिसीत जुन्या आजाराबद्दलचं कलम स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

जायच्या आधी दात आणि डोळे इथेच दाखवून घ्या. गोळ्या चिठ्ठीसकट न्या. ताप, जुलाब, मुरगळा यासाठी इमर्जन्सीत न जाता अर्जंट केअरला, म्हणजे साध्या तक्रारींसाठीच्या दवाखान्यात, जा. पण छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली तर पैशांचा विचार न करता ९११ या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासून स्थिर करणं १९८६ च्या कायद्यानं हॉस्पिटलांना बंधनकारक आहे, खिशात काही नसलं तरी. बिल येईल, पण त्याचं नंतर बघता येतं.

मोठं बिल हातात पडलं. आता?

लगेच भरू नका, आणि दुर्लक्षही करू नका.

आधी कागद बिलाचा आहे की विमा कंपनीच्या ईओबीचा (कंपनीनं किती भरलं, तुमच्या वाट्याला किती आलं हे सांगणाऱ्या तपशिलाचा), ते बघा. ईओबीवर ‘हे बिल नाही’ असं छापलेलंच असतं, तरी लोक घाबरून पैसे पाठवतात. मग हॉस्पिटलकडे प्रत्येक बाबीचं, कोडसकट बिल मागा. एकच कोड दोनदा लागलेला, न झालेली तपासणी, एका रात्रीच्या दोन रात्री, हे सगळं मी पाहिलेलं आहे. ‘सीओ’ लागलेली रक्कम तुमच्याकडे मागितली असेल तर ती भरायची नाही.

इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांनी लावलेल्या जादा बिलापासून १ जानेवारी २०२२ पासून कायद्याचं संरक्षण आहे. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र त्यातून सुटली आहे. विमा नसेल आणि आधी दिलेल्या अंदाजापेक्षा बिल ४०० डॉलर किंवा जास्त निघालं, तर १२० दिवसांच्या आत तक्रार करता येते.

बिनानफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीची लेखी योजना ठेवावीच लागते, आणि देशातली बहुसंख्य हॉस्पिटलं याच प्रकारची आहेत. फोनवर स्पष्ट शब्दांत ‘फायनान्शियल असिस्टन्सचा फॉर्म पाठवा’ म्हणा. व्हिजिटर म्हणून आलेल्यांना तो मिळेलच असं नाही, पण विचारायला काही लागत नाही. प्रत्येक फोनला तारीख, समोरच्याचं नाव आणि कॉल रेफरन्स नंबर वहीत लिहून ठेवा. आम्हीही तेच करायचो. पुढच्या वेळी पलीकडचा माणूस ‘असं काही नोंदलेलं नाही’ म्हणाला, की तो नंबर वाचून दाखवायचा.